लघुपटाच्या ध्वनीतील या चुका टाळा

विद्यार्थ्यांच्या लघुपटांचे ध्वनिमिश्रण करून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, आणि दर वर्षी नव्या तोंडून तेच जुने वाक्य ऐकतो: "साउंडचं पोस्टमध्ये बघू." पोस्ट म्हणजे चित्रीकरणानंतरचे संकलन-मिश्रणाचे काम. लेन्स भाड्याने आणण्यासाठी वर्गणी काढणारी ही मंडळी माइक मात्र आदल्या रात्री कोणाकडून तरी मागून आणतात आणि ज्याला दुसरे काहीच काम उरलेले नाही अशा मित्राच्या हाती बूम, म्हणजे माइक लावलेली लांब काठी, देतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे रूम टोन न घेणे. कोणतीही खोली पूर्णपणे शांत नसते; तिचा स्वतःचा एक बारीक आवाज असतो, आणि संवादांमधल्या फटी बुजवायला तोच लागतो. काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका वाड्यात चित्रित झालेला आई-मुलाचा प्रसंग माझ्याकडे आला. दिवस मे महिन्याचे. पहिल्या शॉटला पंखा बंद होता, दुसऱ्याला कलावंतांना घाम येऊ लागला म्हणून तो तीनवर ठेवला होता आणि आईच्या क्लोजअपला थेट पाचवर. शिवाय शेजारच्या खोलीतला फ्रिज मनात येईल तेव्हा सुरू होऊन बंद पडत होता. परिणामी प्रत्येक कटला खोली बदलल्यासारखी वाटे. पंख्याची घरघर काढायला गेलो, तर आईचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होई. रूम टोन मागितला तेव्हा दिग्दर्शकाने निरागसपणे विचारले, "तो कुठून डाउनलोड करायचा?" शेवटी दोन संवादांमधला चार सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडून काम भागवले. त्या तुकड्यात वळचणीचे एक कबूतर घुमले होते, हे प्रदर्शनाच्या वेळी सभागृहातल्या मोठ्या स्पीकरवर सर्वांच्या लक्षात आले. आई रडत होती आणि दर चार सेकंदांनी तेच कबूतर त्याच सुरात घुमत होते.

तेव्हापासून माझा नेम ठरलेला आहे. प्रत्येक ठिकाणच्या शेवटच्या शॉटच्या आधी, सर्व माणसे आणि दिवे जागच्या जागी असताना, मी साठ सेकंद रूम टोन घेतो. शॉटनंतर घेऊ म्हटले, तर पॅकअपचा शब्द कानी पडताच कोणी थांबत नाही. पंखा टेकपुरता बंद, दोन टेकच्या मध्ये सुरू. फ्रिज बंद करून गाडीची किल्ली त्यातच ठेवावी, म्हणजे तो पुन्हा सुरू केल्याशिवाय घरी जाता येत नाही आणि घरमालकाचे दूधही नासत नाही.

दुसरी चूक अंतराची. महागडा शॉटगन माइक (मुख्यतः समोरचा आवाज टिपणारा लांबट माइक) कॅमेऱ्यावर बसवला की दूरचा आवाज जवळ येतो, हा गैरसमज कुठून पसरतो कोणास ठाऊक. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की थेट आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. बंद खोलीत मात्र भिंतींवरून परतणारा आवाज जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणून संवाद न्हाणीघरात बोलल्यासारखे ऐकू येतात. गेन, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी, वाढवल्याने दोन्ही सारखेच वाढतात. साधा माइक चौकटीच्या कडेपर्यंत खाली आणून बोलणाऱ्याच्या छातीच्या दिशेने रोखला, तर तो कॅमेऱ्यावरच्या भारी माइकपेक्षा चांगले काम देतो. बूम धरणाऱ्याने संवाद पाठ करावेत, कारण पुढचे वाक्य कोणाचे आहे हे त्याला आधी कळायला हवे.

हेडफोन न लावता रेकॉर्डिंग करणे म्हणजे डोळे मिटून फोकस करणे होय. काटा हलतो म्हणून आवाज शुद्ध असतो असे नाही. पातळीची शिखरे (शून्य ही कमाल मर्यादा धरून) साधारण उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवावीत, कारण साध्या 24 बिट रेकॉर्डरवर एकदा मर्यादा ओलांडून फाटलेली किंकाळी नंतर धड शिवता येत नाही. रेकॉर्डर कॅमेऱ्यापासून वेगळा असेल तर चित्र आणि आवाज नंतर जुळवता यावेत म्हणून क्लॅप द्यावाच. क्लॅपची पाटी नसल्यास चौकटीत वाजवलेली टाळीही चालते. लेपल माइक (कपड्याला टाचायचा छोटा माइक) नायलॉनच्या साडीखाली लपवू नये, कापडाची सळसळ त्यात येते.

पार्श्वसंगीताविषयी एकच सांगतो: संवाद नीट ऐकू येत नाहीत म्हणून त्यांवर व्हायोलिन पसरणारे विद्यार्थी मला दर वर्षी भेटतात, आणि मी पहिल्यांदा ते व्हायोलिनच म्यूट करतो.