वीज केंद्राचा धूर आपल्या हवेत येतोय का, घरबसल्या कसं ओळखायचं

चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, परळी, भुसावळ, या कोळशावरच्या वीज केंद्रांच्या भागात राहणाऱ्यांसाठी हे लिहितेय. चिमणीकडे बघून आपण म्हणतो आज धूर जास्त आहे, पण कोळसा जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड (एसओटू) वायू डोळ्यांना दिसतच नाही, तो आकड्यातच शोधावा लागतो.

हवेची स्थिती दाखवणाऱ्या सरकारी समीर ॲपवर नुसता एक्यूआय, म्हणजे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक, बघून थांबू नका. तो सगळ्यात वाईट घटकाचा आकडा असतो, बऱ्याचदा धुळीचाच, त्यामुळे सल्फर मागे लपतो. सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) पोर्टलवरून आपल्या जवळच्या हवा मोजणाऱ्या स्टेशनचा तासागणिक डेटा काढा, एसओटू आणि पीएम २.५ (हवेतले अतिबारीक कण) दोन्ही, सोबत वाऱ्याची दिशा.

आता वेळ बघा, खरी मेख इथेच आहे. हिवाळ्यात रात्री जमिनीलगत थंड हवा बसते, चुली, कचरा, गाड्या यांचा धूर तिच्यात अडकतो म्हणून त्यांचा आकडा रात्री आणि सकाळी लवकर चढतो. मोठ्या वीजनिर्मिती संचांच्या चिमण्या मात्र २७५ मीटरपर्यंत उंच, त्यांचा धूर रात्री वरच राहतो आणि ऊन चढून हवा घुसळायला लागली की खाली उतरतो. म्हणजे एसओटू सकाळी १० ते दुपारी १ च्या सुमारास उसळतोय आणि वारा केंद्राकडूनच येतोय, असं पुन्हा पुन्हा दिसलं तर संशय चिमणीवरच घ्यायचा. चंद्रपूरचं केंद्र शहराच्या उत्तरेला दुर्गापूरकडे आहे, थंडीत वाराही बहुतेक उत्तर-ईशान्येचा, म्हणून तिथल्यांनी डिसेंबर-जानेवारीचा डेटा आधी काढावा.

लांबच्या गावात एसओटू कमी दिसला म्हणून सुटलो असं नाही हं, हाच वायू एक-दोन दिवसांत सल्फेटचे बारीक कण होतो, शेकडो किलोमीटर जातो आणि मग पीएम २.५ मध्ये मोजला जातो. गच्चीवर, तुळशीच्या पानांवर करडी पूड बसत असेल तर ती बहुधा राख, काळी असेल तर कोळशाची धूळ, खाण आणि ट्रकची, दोन्हीची तक्रार वेगवेगळी करा.

तक्रार एमपीसीबीकडे (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ), तारीख, तास, वारा आणि आकडा लिहूनच. २४ तासांच्या सरासरीची मर्यादा एसओटूला ८० आणि पीएम २.५ ला ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. सोबत एक आरटीआय (माहिती अधिकाराचा अर्ज) टाका. २०१५ च्या नियमांनी सल्फर काढणारी एफजीडी यंत्रणा बसवायची होती, जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूट मिळाली, ही सूट केंद्र कुठे आहे त्यावरून पाडलेल्या कॅटेगरीवर ठरते, म्हणून आपलं केंद्र ए, बी की सी कॅटेगरीत आहे आणि कुठल्या संचाला एफजीडी बसलीय हे लेखी विचारा.