गीझरखालचा व्हॉल्व्ह ठिबकतोय? बूच मारू नका

शेजारच्या काकूंनी ‘गीझर गळतोय’ म्हणून प्लंबर बोलावला. त्याने गीझरखालच्या पितळी व्हॉल्व्हच्या तोंडाला टेफ्लॉन गुंडाळून एंड प्लग बसवला, दोनशे रुपये घेतले आणि गेला. गळणं थांबलं, काकू खूश. दोन दिवसांनी मी त्यांच्याकडे हात धुवायला गेलो, वर बघितलं आणि आधी गीझरचं बटण बंद केलं.

ते गळणं नव्हतंच. पाणी तापलं की फुगतं. 25 अंशांचं पाणी 75 अंशांपर्यंत नेलं तर ते सव्वादोन टक्क्यांच्या आसपास वाढतं. 25 लिटरच्या गीझरमध्ये हे जादा पाणी अर्ध्या लिटरहून जरा जास्तच भरतं. त्याला जायला वाट हवी. टाकी बंद असेल तर पाणी काही दाबून लहान होत नाही, दाब मात्र भराभर चढतो. आजोळच्या तांब्याच्या बंबाला ही भानगडच नव्हती. वरून बादलीने गार पाणी ओतायचं, तोंड मोकळं, फुगलं तर फुगू दे.

आपल्या तीन-चार मजली जुन्या इमारतीतही सहसा अडत नाही. गच्चीवरच्या टाकीतून सरळ नळ येतो आणि फुगलेलं पाणी त्याच नळाने मुकाट मागे सरकतं. (सकाळी गार पाण्याचा नळ सोडल्यावर पहिला तांब्या कोमट आला तर समजा, तुमच्याकडे हेच होतंय.) गाडी अडते ती मध्ये एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, आला की. प्रेशर पंप बसवला की त्याच्यासोबत एनआरव्ही येतो, टॉवरमध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असतो, तोही मागची वाट अडवतो, आणि हल्लीच्या गीझरखालच्या पितळी मल्टी फंक्शन व्हॉल्व्हमध्ये तर एनआरव्ही आतच असतो. मागची वाट बंद झाली, म्हणून त्याच व्हॉल्व्हला बाजूने एक बारीक तोंड दिलेलं असतं. काकूंच्या प्लंबरने नेमकं तेच बुजवलं होतं.

यात पाणी पुरेसं तापल्यावर वीज तोडणारा थर्मोस्टॅटही चिकटला, तर प्रकरण गंभीर होतं. दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. टाकी फाटली की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि एका लिटर पाण्याच्या वाफेला सोळाशे लिटर जागा लागते. बाथरूमएवढ्या खोलीत.

मग ठिबकणं कोणतं साधं आणि कोणतं बिघाडाचं? त्या तोंडाखाली मग ठेवून बघा. गीझर चालू असतानाच थेंब पडतात आणि दिवा विझल्यावर थांबतात, तर सगळं ठीक आहे. व्हॉल्व्ह त्याचं काम करतोय. गीझर बंद, पाणी गार, तरी रात्रभर टिपटिप चालूच असेल, तर दोन शक्यता. एक, व्हॉल्व्हच्या बसकेत कचरा किंवा क्षार अडकलाय. बोअरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत हे नेहमीचं. तोंडाशी पांढरी पापडी धरलेली दिसते. व्हॉल्व्हला छोटा दांडा असेल तर पाणी गार असताना तो उचलून पाच-सहा सेकंद धार जाऊ द्या, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. दुसरी शक्यता, येणाऱ्या पाण्याचाच दाब जास्त आहे. दाब बारमध्ये मोजतात; दहा मीटर उंचीला साधारण एक बार, असा हिशेब करा. गच्चीवरच्या टाकीच्या वीस मजले खाली राहणाऱ्याकडे सहा बार सहज पोचतो. तिथे गीझरच्या आधी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लावणं हा उपाय. आणि थेंबांऐवजी कढत पाणी, वाफ येत असेल तर व्हॉल्व्हकडे बघत बसू नका. विजेचा मेन स्विच बंद करा, थर्मोस्टॅट गेलाय.

ठिबकू नये म्हणून जास्त बारचा व्हॉल्व्ह टाकणं हा बूच मारण्याचाच सभ्य प्रकार. गीझरच्या पट्टीवर जो दाब छापलाय, त्याच्या वरचा व्हॉल्व्ह चालणार नाही. गीझर आणि या व्हॉल्व्हच्या मध्ये कॉक बसवणं हीसुद्धा तशीच चूक, कारण कोणीतरी कधीतरी तो फिरवतंच. बारीक तोंडाला नळी लावून ती जाळीपर्यंत उतरवा, खुशाल. फक्त तिचं टोक उघडं राहू द्या.

फुगलेलं पाणी सामावून घेणारी वेगळी छोटी टाकी, म्हणजे एक्स्पान्शन टँक, कोणाला लागतो? पंधरा-पंचवीस लिटरच्या गीझरसाठी मी तरी तो खर्च करणार नाही. अमेरिकेत घरोघरी 40-50 गॅलनचे हीटर असतात आणि पाण्याच्या मीटरजवळ एनआरव्ही असला की दोनेक लिटर जादा पाणी दर वेळी कुठेतरी मावायला लागतं, म्हणून तिथे हा टँक सर्रास दिसतो. आपल्याकडे बंगल्यात हीट पंपाची 200 लिटरची दाबाखालची टाकी असेल तर प्रश्न तोच. पाणी 25 वरून 65 अंशांवर गेलं की सव्वातीन-साडेतीन लिटर वाढ. लाइनचा दाब तीन बार आणि पाचपर्यंत चढू द्यायचा असेल, तर साधारण दहा-बारा लिटरचा टँक लागतो. त्याच्या आत रबरी पडदा असतो, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा.

इथेही दोन गोष्टी हमखास चुकतात. टँक एनआरव्हीच्या मागे, म्हणजे पंपाच्या बाजूला बसवतात. मग फुगलेलं पाणी तिथवर पोचतच नाही. तो गार पाण्याच्या लाइनवर, एनआरव्ही आणि हीटरच्या मध्ये हवा. पंपाला आधीच लाल टाकी आहे म्हणून निर्धास्त राहणारेही याच कारणाने फसतात. दुसरं, हवेचा दाब कोणी बघतच नाही. टँकमधलं पाणी काढून, गाडीच्या टायरच्याच गेजने तो लाइनच्या दाबाइतका करायचा. कधी शंका आली तर हवेच्या पिनवर नख दाबा. फुस्स झालं तर ठीक. पाणी आलं तर पडदा फाटलाय, टँक बदला.

गच्चीवरच्या साध्या सोलर वॉटर हीटरला हेच काम उभा एअर व्हेंट पाइप करतो. त्यातून पाणी उडतं म्हणून लोक त्याला टोपी घालतात. उपाय उलटा आहे: पाइप गार पाण्याच्या टाकीतल्या पातळीच्या वर न्यायचा आणि उघडा ठेवायचा. बंद केलात तर तापताना टाकी फुगते, आणि पाणी वेगाने ओढलं गेलं की आतला पत्रा आत चेपतो.

काकूंचा प्लग मी पान्याने काढला तेव्हा आधी फसकन धार आली, मग थेंब. आता त्या नळीखाली एक बादली असते. ते पाणी फरशी पुसायला जातं.