मुलांना आणि आजी-आजोबांना घेऊन अ‍ॅनिमस फोर्क्स: कोलोराडोतल्या ओसाड खाणगावाची जीप ट्रिप कशी करायची

पहिलीच गोष्ट, घरातली लहान-मोठी सगळी बरोबर असतील तर अख्खी अल्पाइन लूप एका दिवसात करायच्या फंदात पडू नका. कोलोराडोच्या सॅन हुआन डोंगरात सिल्व्हरटन, युरे आणि लेक सिटी या तीन गावांना जोडणारा हा साधारण ६५ मैलांचा रस्ता, मॅपवर बघून वाटतं की त्यात काय, दीड-दोन तासांत होईल, पण वरच्या दगडगोट्यांत ताशी दहा मैलांनी गाडी गेली तरी खूप झालं. आम्ही पहिल्या वेळी हीच चूक केली. सांगलीहून आलेले सासू-सासरे मागे बसलेले, दुपारी दोनला इंजिनिअर पास या खिंडीत म्हणजे १२,८०० फुटांवर पोचलो आणि गारा सुरू झाल्या, सासूबाईंचं डोकं ठणकायला लागलं, धाकटीला उलटी झाली आणि दिवसभरात एकही गाव धड बघून झालं नाही. पुढच्या वर्षी फक्त सिल्व्हरटनहून अ‍ॅनिमस फोर्क्स केलं, आणि अजूनही घरात विषय निघतो तो त्याच दिवसाचा.

जायचं ते जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, त्याआधी वर बर्फ असू शकतो, त्यामुळे निघायच्या आधी रस्ता उघडलाय का ते बघा. आदल्या रात्री सिल्व्हरटनलाच मुक्काम करा म्हणजे शरीराला सवय होते. कळसूबाई ५,४०० फूट आहे ना, तर सिल्व्हरटन ९,३१८ फुटांवर आणि अ‍ॅनिमस फोर्क्स ११,२०० वर, म्हणजे कळसूबाईच्या दुप्पट! भरपूर पाणी प्या, मुलांना पळापळ करू देऊ नका, आणि कोणाचं डोकं जास्त दुखायला लागलं किंवा मळमळलं तर गोळी देऊन पुढे जायचं नाही, सरळ गाडी खाली आणायची. बीपी किंवा हार्टचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय येऊच नये, यात मी अजिबात तडजोड करत नाही.

एअरपोर्टवरून घेतलेली रेंटल गाडी बहुतेक वेळा अशा रस्त्यावर न्यायची परवानगी नसते, करार नीट वाचा. सिल्व्हरटन किंवा युरेमध्ये जीप भाड्याने मिळते, कारसीट बसेल का ते आधीच विचारून ठेवा. टाकी गावातच फुल करा, वर पंप नाही. फोनला रेंज जाते, म्हणून ऑफलाइन मॅप आणि एक कागदी नकाशा हवाच. उतारावर फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा सावकाश गिअर) टाकून खालच्या गिअरवर गाडी सोडायची, ब्रेक दाबून धरलात की तापतात आणि वास सुटतो. आपल्या घाटातलाच जुना नियम, ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरायचं, आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची.

सकाळी साडेसातला निघाच, कारण उन्हाळ्यात दुपारी ढग येतात आणि झाडांच्या वर गेल्यावर विजेपासून लपायला जागा नसते. सिल्व्हरटनपासून अंतर १२ मैल, अल्पाइन लूपचा हा त्यातल्या त्यात सोपा भाग. वाटेत युरेका लागतं, तिथे डोंगराच्या उतारावर पायऱ्यांसारखे चढत गेलेले सिमेंटचे मोठे चौथरे दिसतात, ती सनीसाइड मिलची, म्हणजे खाणीतला दगड दळून धातू वेगळा करणाऱ्या कारखान्याची जागा. तिथे दहा मिनिटं थांबा, पुढे त्याचा संबंध आहे.

अ‍ॅनिमस फोर्क्सला मात्र वेळ द्या, दोन तास तरी. पहिलं लाकडी घर इथे १८७३ ला उभं राहिलं, आणि त्याच वर्षीच्या ब्रुनो कराराने हे डोंगर यूट या इथल्या मूळच्या लोकांच्या हातातून गेले, हे मुलांना आवर्जून सांगा, नाहीतर त्यांना वाटतं इथे आधी कोणीच नव्हतं. १८८३ पर्यंत वस्ती ४५० झाली. १८८४ ला २३ दिवस हिमवादळ चाललं, २५ फूट बर्फ पडला, लोक एका घरातून दुसऱ्या घरात जायला बर्फात बोगदे खणायचे. ही गोष्ट गाडीत नाही सांगायची, डंकन नावाच्या रहिवाशाच्या १८७९ च्या घरात, त्या पुढे आलेल्या खिडकीजवळ उभं राहून सांगायची. आमचा मोठा तिथे बराच वेळ बाहेर बघत गप्प उभा होता. मग गोल्ड प्रिन्स मिलचा पाया दाखवा, १९०४ ला सुरू झाली, १९१० ला बंद, आणि १९१७ ला तिचं सामान काढून नेलं ते खाली युरेकाच्या मिलसाठी. १९२० च्या दशकात गाव रिकामं झालं. गंजका खिळा, काचेचा तुकडा, काहीही उचलू नका, तो कायद्याने गुन्हा आहे आणि पुढच्या मुलांनाही ते दिसायला हवं.

आता खाणी. वाटेत काळी तोंडं दिसतील, आत पाऊल टाकायचं नाही, फोटोपुरतंसुद्धा नाही. कोलोराडोत अशा सोडून दिलेल्या खाणी सुमारे २३,००० आहेत, आतल्या हवेत ऑक्सिजन कमी असला तर वास येत नाही, समजायच्या आत माणूस कोसळतो, लाकडी टेकू कुजलेले असतात, पायाखालच्या फळ्यांखाली सरळ खोल विहिरीसारखा खड्डा असू शकतो. नारिंगी पाण्यात मुलांना खेळू देऊ नका, ते खाणीतून आलेलं धातूचं पाणी असतं. ऑगस्ट २०१५ ला गोल्ड किंग खाणीतून असं ३० लाख गॅलन पाणी सुटलं आणि सिल्व्हरटनपासून खाली अ‍ॅनिमस नदी पिवळी झाली होती.

खाण्यासाठी धपाटे, शेंगदाण्याची चटणी, केळी पुरे. चिप्सची पाकिटं वर गेल्यावर टम्म फुगतात, दह्याच्या डब्याचं झाकण मधेच एकदा उघडून लावा. जुलैतही जॅकेट लागतंच.

साडेदहाला आभाळ स्वच्छ असेल आणि सगळ्यांची डोकी शांत असतील तर जवळच्या सिनॅमन पासपर्यंत जाऊन या, नाहीतर मागे फिरा. दुपारी पाऊस सुरू झाला की सिल्व्हरटनजवळच्या ओल्ड हंड्रेड खाणीच्या टूरला जा, छोटी ट्रेन डोंगराच्या पोटात पाव मैलाच्या पुढे नेते, दगडात ड्रिल चालवून दाखवतात. सासरे त्या आवाजाने दचकले आणि मग गाइडला पाच-सहा प्रश्न विचारून आले. आत साधारण ९ अंश सेल्सिअस असतं, स्वेटर गाडीत विसरू नका.