फिंच जखमी झाला तर: पहिल्या तासापासून परत उडेपर्यंत

सकाळी पिंजऱ्यावरचं कापड काढलं आणि एक फिंच दांडीवर नाही, खाली तळाशी पिसं फुलवून बसलाय असं दिसलं की आधी हात आत जातो. थांबा. दोन मिनिटं लांबूनच बघा, कारण झेब्रा फिंच म्हणजे जेमतेम १२ ते १५ ग्रॅमचा जीव, अंगात सगळं मिळून एक-सव्वा मिली रक्त, आणि धरपकडीत तो इतका घाबरतो की आधीच जखमी असेल तर नुसत्या धक्क्याने जाऊ शकतो. लांबून बघताना श्वास बघा, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होतेय का, चोच उघडी आहे का, एक पंख लोंबतोय का, कुठला पाय वर धरलाय, रक्त कुठे दिसतंय, मान एका बाजूला वाकलीय का. हे सगळं आठवून डॉक्टरांना सांगायचंय, म्हणून मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, तो फार उपयोगी पडतो.

मग पंखा बंद, खिडक्या बंद, मांजर-कुत्रं असेल तर दुसऱ्या खोलीत. पकडताना खोलीत अंधुक उजेड ठेवा, अंधारात फिंच जागचा हलत नाही आणि पळापळ वाचते. पातळ मऊ कापड हातात घेऊन वरून अलगद झाकायचं, त्याची मान आपल्या पहिल्या दोन बोटांच्या मध्ये येऊ द्यायची आणि पाठ तळव्याला टेकवायची. छाती अजिबात दाबायची नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगते कारण चूक इथेच होते. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढेमागे हललं तरच श्वास होतो, मुठीत घट्ट धरलं तर नाक-तोंड मोकळं असूनही तो गुदमरतो.

रक्त येत असेल तर तेवढं आधी. नख तुटलं असेल तर त्यावर कॉर्नफ्लॉवर किंवा साधं पीठ दाबून धरा, दोन-तीन मिनिटं, मध्ये उचलून बघू नका. नखाचं रक्त थांबवायची जी स्टिप्टिक पावडर मिळते ती फक्त नखालाच, कातडीच्या जखमेला नको, आग होते आणि कातडी खराब होते. नवीन उगवणारं पीस तुटलं तर त्याच्या नळीतून रक्त येत राहतं, तिथेही पीठ लावून हलकं दाबायचं, ते पीस उपटायचं का नाही हे डॉक्टर ठरवतील. आपल्याला चार-पाच थेंब म्हणजे काहीच नाही, पण सव्वा मिलीमधून चार-पाच थेंब गेले तर ती इमर्जन्सी आहे, रक्त थांबलं तरी त्या दिवशीच डॉक्टरकडे.

आता राहायची जागा. मोठा पिंजरा नको, बुटाच्या खोक्याएवढी जागा पुरते, छोटा प्रवासाचा पिंजरा असेल तर तीन बाजूंनी टॉवेल गुंडाळून तोच वापरा. तळाला पांढरा टिश्यू पेपर, वर्तमानपत्र नको, ते गुळगुळीत असतं आणि दुखऱ्या पायाने पक्षी घसरतो. पाय धड असेल तर एक दांडी, तीही तळापासून बोटभर उंच. पाय दुखावला असेल तर दांडी काढूनच टाका आणि टॉवेलची छोटी गुंडाळी करून द्या, तिला टेकून बसतात.

फिंचच्या दुखण्यात ऊब हे पहिलं औषध आहे असं माझं ठाम मत आहे, जखमेवर काय लावू याच्याही आधी. त्याच्या अंगाचं तापमान ४० ते ४२ अंश असतं आणि एवढ्याशा शरीरातून उष्णता भराभर निघून जाते, म्हणून खाल्लेलं सगळं अंग गरम ठेवण्यातच खर्च होतं, जखम भरायला काही उरत नाही. खोक्यात २९ ते ३२ अंश ठेवा. थर्मामीटर लावा आणि तो पक्षी बसतो त्या उंचीवर लावा, वर छताला लावला तर आकडा भलताच दिसतो. ऊब एकाच बाजूला द्यायची, बाहेरून हीटिंग पॅड किंवा दिवा, म्हणजे गरम झालं की तो स्वतः सरकून दुसऱ्या बाजूला जाईल. चोच उघडून धापा टाकत पंख अंगापासून लांब धरले तर जास्त तापलंय, लगेच कमी करा. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून चालते पण ती निवली की उलट त्याच्याच अंगातली ऊब ओढून घेते, तेव्हा ती ठेवणार असाल तर रात्री उठून बदलायची तयारी ठेवा.

एकच अपवाद, तो लक्षात ठेवाच. उडताना काचेवर किंवा भिंतीवर आपटलाय, मान वाकडी, तोल जातोय, दोन डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या नाहीत, नाका-कानातून रक्त आलंय, तर डोक्याला मार आहे. अशाला जास्तीची ऊब द्यायची नाही, मेंदूची सूज वाढू शकते. नेहमीच्या खोलीचं तापमान, अंधार, पूर्ण शांतता आणि डॉक्टर.

खाण्याचं म्हणाल तर फिंच दिवसभर थोडं थोडं टिपत असतो आणि उपाशी एक दिवससुद्धा काढणं त्याला जड जातं. म्हणून नेहमीचेच दाणे द्या, आजारपणात नवं काही चाखायला जात नाहीत. भांड्यात ठेवून भागत नाही, दाणे त्याच्यासमोर कागदावरच पसरा, राळ्याचं कणीस असेल तर आडवं शेजारी ठेवा. पाणी बाटलीच्या झाकणात, अगदी उथळ. एक गोष्ट नवीन लोकांच्या लक्षात येत नाही ती म्हणजे फिंच दाणा सोलून खातो आणि फोलपट तिथेच टाकतो, त्यामुळे भांडं भरलेलं दिसतं आणि आत नुसती फोलपटं असतात. दिवसातून दोन-तीनदा फुंकर मारून बघा. उकडलेल्या अंड्याचा चुरा चांगला, पण दोन तासांनी उरलेला काढून टाका, उबेत तो लगेच खराब होतो.

ड्रॉपरने चोचीत पाणी सोडू नका. कळवळून करतात लोक, पण श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं आणि अशक्त पक्ष्याच्या ते पाणी थेट फुप्फुसात जातं. फारच वाटलं तर चोचीच्या कडेला बाहेरून एक थेंब लावा, तो स्वतः चाटून घेईल. नळीने भरवायचं काम शिकलेल्या माणसाचंच.

आपली औषधं बिलकुल नको. पॅरासिटामॉलचा चुरा नाही, आयब्युप्रोफेन नाही, तेलकट मलम नाही कारण ते पिसांना पसरतं आणि पिसं चिकटली की ऊब धरत नाहीत, शिवाय तो चोचीने साफ करताना सगळं पोटात जातं. बधिर करणारी क्रीम तर पक्ष्यांना विषारी ठरू शकते. जखम धुवायची तर कोमट सलाईनमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपायची, घासायची नाही. मेलोक्सिकॅमसारखं वेदनाशामक पक्ष्यांना देतात, पण ते डॉक्टर वजनावरून काढून देतात, १३ ग्रॅमच्या अंगाला अर्धा थेंबसुद्धा इकडचा तिकडे होऊन चालत नाही.

पाय मोडलाय असं वाटलं तर घरी काडी बांधायच्या भानगडीत पडू नका. इतक्या बारीक पायाला डॉक्टर दोन्ही बाजूंनी टेप चिकटवून टेपचाच स्प्लिंट करतात, काड्यांचं वजनच त्याला झेपत नाही. हाड सरळ बसवलेलं असेल तर दोन-तीन आठवड्यांत जुळतं, पक्ष्यांची हाडं आपल्यापेक्षा खूप लवकर जुळतात, आणि म्हणूनच उशीर केला तर वाकडी पण लवकर जुळतात. पंखाचंही तसंच, घरी आवळून बांधलं तर छाती दाबली जाते, जास्त दिवस बांधून ठेवलं तर सांधा आखडतो. डॉक्टरकडे पोचेपर्यंत छोट्या अंधाऱ्या खोक्यात ठेवलं की पंख आपोआप शांत राहतो. मांजराने नुसता दात लावला असेल, रक्ताचा टिपूससुद्धा नसेल, तरी त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, मांजराच्या तोंडातल्या जंतूंनी पक्ष्याच्या रक्तात विष पसरायला एक-दोन दिवस पुरतात. डॉक्टर शोधताना फोनवर आधी विचारा की तुम्ही छोटे पक्षी बघता का, कारण कुत्र्या-मांजरांचा चांगला डॉक्टर फिंचच्या बाबतीत चांगला असेलच असं नाही.

माझ्या चिंगीचं सांगते, झेब्रा मादी. घरट्यासाठी मी लांब सुती धागे दिले होते, ही माझी चूक. एका दुपारी आतून वेगळाच आवाज आला, जाऊन बघते तर चिंगी घरट्याच्या तोंडाशी डाव्या पायाने उलटी लटकलेली आणि पंख मारून मारून दमलेली. खालून हाताचा आधार दिला, वरचा धागा कापला, मग दिव्याखाली धागा ओला करून नखं कापायच्या छोट्या कात्रीने पायाचे वेढे एकेक कापले. सुटला म्हणून जीव भांड्यात पडला. संध्याकाळी बघितलं तर पाऊल सुजून जांभळं. एक केसाएवढा तंतू कातडीत रुतून बसला होता आणि सूज आल्यावर वरून तो दिसतच नव्हता. डॉक्टरांनी भिंगाखाली बारीक सुईच्या टोकाने उचलून तो काढला. तेव्हा धाग्याची केस असेल तर सुटलं असं वाटल्यावरही भिंग घेऊन सगळीकडून बघा, दर दोन तासांनी दुसऱ्या पायाशी ताडून बघा, सूज किंवा रंग वाटला तर स्वतः कोरत बसू नका. पायातली रिंग सुजेने घट्ट झाली असेल तर तीही कापायचा प्रयत्न घरी नको, पाय मोडतो.

पुढचे दिवस वजनावर चालतात. एका ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत दाखवणारा काटा घ्या, रोज सकाळी खाण्याआधी छोट्या डबीत ठेवून वजन करा आणि लिहा. पक्षी दुखणं अंगावर काढतात, दाखवत नाहीत, काटा मात्र खरं सांगतो. चिंगी पहिल्या दिवशी १३.१ ग्रॅम होती, तिसऱ्या दिवशी ११.९. दहा टक्के घट झाली की धोका समजायचा आणि ती जवळजवळ तिथे पोचलीच होती. कारण शोधलं तर एका पायावर उभं राहून भांड्याच्या काठावरून वाकताना ती पडायची, म्हणून तिने प्रयत्नच सोडला होता. त्या दिवसापासून दाणे कागदावर पसरले, कणीस तिच्या छातीजवळ आडवं ठेवलं, आठव्या दिवशी काटा १२.६ वर आला. शी पण बघत राहा, पांढऱ्या कागदामुळे ती नीट कळते: काळपट हिरवी, थोडीशी, चिकट अशी असेल तर पोटात काही जात नाहीये.

दिवसा बारा तास उजेड हवा, अंधारात तो खाणार नाही. रात्री मंद दिवा असू द्या, दचकून फडफडला तर पुन्हा लागेल. खोलीत धूर, उदबत्ती, स्प्रे काही नको, आणि नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्यातून निघणाऱ्या वाफांनी निरोगी पक्षीसुद्धा काही मिनिटांत जातात.

जोडीदाराला वेगळं ठेवायचंच, बाकीचे पक्षी जखमेवर चोच मारतात. पण एकमेकांचा आवाज ऐकू येईल इतकं जवळ ठेवा. चिंगीच्या नराने पहिले दोन दिवस सारख्या हाका मारल्या आणि ही गप्प, तिसऱ्या दिवशी दुपारी खोक्यातून एक बारीक टीं आलं, मग दोघांचं तासभर चाललं होतं.

परत पाठवायची घाई करू नका. वजन तीन-चार दिवस स्थिर, दोन्ही पायांवर भार, पिसं अंगाला चिकटलेली, हे झालं की ऊब रोज दोन-दोन अंशांनी कमी करत खोलीच्या तापमानावर आणा. मग एकट्यालाच पिंजऱ्यात सोडा, दांड्या खाली, एक-दोन वेगवेगळ्या जाडीच्या, आणि दोन दिवसांनी थोड्या वर. एका दांडीवरून दुसरीवर न धडपडता जातोय असं दिसलं की जोडीदार सोडा आणि पहिला तासभर तिथेच बसून राहा, पाठलाग सुरू झाला तर परत वेगळं. चिंगीच्या डाव्या पायाचं एक बोट आता वाकत नाही, तिच्या बाजूच्या दांडीवर मी मऊ पट्टी गुंडाळलीय म्हणजे उजव्या तळव्याला जास्तीच्या भाराने फोड यायला नको. घरट्यासाठी धागा बंद, सुकं गवत आणि काथ्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, तेवढंच देते. खोका धुऊन, उन्हात वाळवून, थर्मामीटर आणि कात्री आत ठेवून कपाटात वरच्या कप्प्यात आहे.