दोघं, सात किलो आणि एकवीस दिवस

तिकिटं शोधायला बसण्याआधी पावसाचं वेळापत्रक समोर घ्या. आग्नेय आशियात सगळीकडे एकाच वेळी पावसाळा नसतो, आणि पुण्यातून निघणाऱ्यांची पहिली चूक इथेच होते. थायलंडचा अंदमान समुद्राकडचा किनारा, म्हणजे फुकेत, क्राबी, फी फी, आपल्या कोकणासारखाच मे ते ऑक्टोबर भिजतो. थायलंडच्या आखाताकडची बेटं उलटी: को समुई, को फांगान, को ताओ इथे जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यातही नोव्हेंबर सर्वांत वाईट. व्हिएतनामच्या मधल्या पट्ट्यात, होई आन आणि दा नांगकडे, साधारण त्याच सुमारास पूर येतात. त्यामुळे दिवाळीची सुट्टी जोडून निघणार असाल तर को ताओ आणि होई आन दोन्ही सोडा आणि नोव्हेंबरात क्राबीकडे वळा. आखात, कंबोडिया आणि व्हिएतनाम एका फेरीत हवे असतील तर फेब्रुवारी-मार्च सर्वांत बरे. तेव्हा उत्तर थायलंडमधलं चियांग माई मात्र टाळावं. शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर तिथे एप्रिलपर्यंत बसलेला असतो. व्हिएतनामी नववर्ष, तेत, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीमध्यात येतं. त्या आठवड्यात दुकानं बंद असतात आणि रेल्वे महिनाभर आधी भरलेली असते, म्हणून त्याची तारीख पाहूनच दिवस ठरवा.

खालचा आराखडा फेब्रुवारी-मार्चचा आहे. बँकॉक ३ रात्री, रात्रीची रेल्वे, को ताओ ४ रात्री, बोट आणि रेल्वेने परत बँकॉक (१ रात्र रेल्वेत), विमानाने सिएम रीप ३ रात्री, विमानाने दा नांग आणि होई आन ४ रात्री, रात्रीच्या रेल्वेने हनोई, तिथे ३ रात्री. एकूण २० रात्री, २१ दिवस. यात चौथा देश कोंबू नका. जितके मुक्काम वाढतील तितक्या वेळा बॅग बांधावी लागते, आणि दोघांमधली बहुतेक भांडणं बॅग बांधायच्या सकाळीच होतात.

जाण्याचं तिकीट बँकॉकचं आणि परतीचं हनोईहून काढा. दोन्हीकडून एकाच शहरात ये-जा करण्यापेक्षा वेळ आणि बहुधा पैसेही वाचतात. लोहगावहून थेट सेवा हंगामानुसार सुरू-बंद होतात, त्यामुळे आपल्या तारखांना आहे का ते पाहा. नसेल तर मुंबई. मुंबईचं विमान असेल तर घरातून विमानाच्या वेळेआधी आठ तास निघा. घाटात एक ट्रक आडवा झाला की तीन तास जातात, आणि चेक-इन काउंटर तासभर आधी बंद होतो.

कागदं

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून किमान सहा महिने आणि दोन पानं कोरी. आपल्याकडे बऱ्याच पासपोर्टांत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाला जोडून छापलेलं असतं. व्हिसाच्या अर्जात आणि विमानाच्या तिकिटावर ते जसंच्या तसं लिहा, मधलं नाव गाळू नका. विमानतळावर अडकवणाऱ्या चुकांमध्ये ही अगदी नेहमीची.

व्हिएतनामचा ई-व्हिसा एका प्रवेशाला २५ डॉलर, अनेक प्रवेशांना ५०, आणि कमाल ९० दिवसांचा. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'जीओव्ही.व्हीएन' ने संपतो. शोधात त्याच्या वर दिसणारी चकचकीत पानं दलालांची असतात आणि दुप्पट-तिप्पट घेतात. अर्जात कुठल्या ठाण्यावरून प्रवेश करणार ते विचारतात. सिएम रीपहून दा नांगला थेट विमान मिळालं तर दा नांग लिहा. पण हो चि मिन्हला विमान बदलून पुढे देशांतर्गत जाणार असाल, तर पासपोर्टवर शिक्का हो चि मिन्हला बसतो, म्हणून तेच नाव लिहायचं. अर्ज प्रवासाच्या तीन आठवडे आधी करा. तीन कामाचे दिवस सांगतात, पण सुट्ट्या आल्या की ते लांबतात.

थायलंडने जुलै २०२४ पासून भारतीयांना ६० दिवस व्हिसामाफी दिली, पण हा नियम बदलता आहे, त्यामुळे तिकिटाआधी आणि पुन्हा निघण्याच्या आठवड्यात थाई वकिलातीच्या पानावर पाहा. १ मे २०२५ पासून थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड सक्तीचं आहे. ते पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि ते फुकट असतं. पैसे मागणारं पान दिसलं की बंद करा. देशाबाहेर पडायचं तिकीट आणि माणशी १०,००० ते २०,००० बाथांइतक्या पैशांचा पुरावा विचारू शकतात, म्हणून दोन्ही छापून जवळ ठेवा.

कंबोडियाचा पर्यटक व्हिसा ३० डॉलर. ऑनलाइन काढला तर त्यावर थोडं शुल्क. जुन्या प्रवासवर्णनांतला बँकॉक ते सिएम रीप बसचा रस्ता विसरा. २०२५ मध्ये दोन्ही देशांत संघर्ष पेटला आणि जमिनीवरची सीमा बंद झाली, म्हणून आराखडा विमानाचाच धरा. सिएम रीपचा विमानतळही २०२३ पासून नवा आहे आणि गावापासून चाळीसहून जास्त किलोमीटर दूर आहे. 'टुकटुकने, म्हणजे तिथल्या रिक्षाने, पंधरा मिनिटांत' ही माहिती जुन्या विमानतळाची.

पाठीवरचं ओझं

तिथल्या स्वस्त विमानांत हातातलं सामान ७ किलो, आणि ते खरंच काट्यावर ठेवून पाहतात. ४० लिटरची बॅग घ्या. ६० ची घेतली की ती भरली जातेच. हुकाचा छोटा काटा आणून घरीच वजन करा: रिकामी बॅग सव्वा किलो, कपडे अडीच, चपला-बूट एक, औषधं आणि प्रसाधनं पाऊण, चार्जर-पॉवर बँक अर्धा. राहिला एक किलो. तो परतीच्या वस्तूंसाठी मोकळा ठेवा.

कपडे असे: चार टी-शर्ट, दोन हाफ पँट किंवा सैल सलवारी, घोटा झाकणारी एक सुती पँट, पूर्ण बाह्यांचा एक पातळ शर्ट, पाच आतले जोड, एक पातळ जॅकेट. जॅकेट रेल्वेच्या गारठवणाऱ्या एसीसाठी आणि फेब्रुवारीतल्या हनोईसाठी लागतं. जाड टॉवेल नको, पंचा घ्या. तासाभरात वाळतो, घडी मुठीएवढी होते आणि देवळात खांद्यावरही घेता येतो. कपडे किलोवर धुऊन देणारी दुकानं प्रत्येक गल्लीत आहेत. पॉवर बँक फक्त हातातल्या सामानात, १०० वॉट-तासांच्या आत, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत. आपली दोन गोल पिनांची प्लग बहुतेक ठिकाणी बसते, तीन पिनांची बसत नाही. औषधांची पेटी आणि सनस्क्रीन दोघांत एकच न्या. कुलूप मात्र प्रत्येकाचं वेगळं हवं.

निघण्याच्या दोन रविवार आधी हीच भरलेली बॅग घेऊन आतकरवाडीतून सिंहगड चढा. खांद्याचा पट्टा कुठे टोचतो आणि कुठली वस्तू नुसतीच ओझं आहे ते वर पोचेपर्यंत कळतं.

पैसे

जमिनीवरचा खर्च, विमानं आणि व्हिसा सोडून, दिवसाला माणशी ३,००० ते ४,००० रुपये धरा. को ताओला थोडा जास्त. दोघांची फॉरेक्स कार्डं वेगवेगळ्या बँकांची असू द्या, म्हणजे एक मशीनमध्ये अडकलं तरी दुसरं चालू राहील. थाई एटीएम परदेशी कार्डाला दर वेळी २२० ते २५० बाथ कापतं, त्यामुळे हजार-हजार काढू नका, आठ-दहा हजार एकदम काढा. पडद्यावर 'रुपयांत हिशेब करू का' असं विचारतील, तेव्हा नाही म्हणा. होकार दिला की दर वाईट लागतो. कंबोडियात डॉलर सर्रास चालतात, पण कोपरा फाटलेली किंवा शाईचा डाग असलेली नोट घेत नाहीत. म्हणून नोटा पुण्यातच एकेक उलटून पाहून घ्या.

व्हिएतनाममध्ये २०,००० आणि ५,००,००० दोंगच्या दोन्ही नोटा निळसर असतात. रात्री टॅक्सीत एकीच्या जागी दुसरी गेली की पंचवीस पट पैसे गेले. पाच लाखांच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवायच्या आणि देताना शून्यं मोजायची.

रोजच्या खर्चाला सामाईक पाकीट करा. दोघांनी सारखे पैसे टाकायचे, खोली, रिक्षा, पाणी आणि एकत्र जेवण त्यातून द्यायचं, संपलं की पुन्हा सारखे टाकायचे. बिअर, मसाज, खरेदी ज्याची त्याची. 'हे मी दिले, ते तू दे' असं चाललं की चौथ्या दिवसापासून दोघांनाही आपणच जास्त दिले असं वाटायला लागतं.

शहरांत

ग्रॅब हे टॅक्सी बोलावायचं अॅप तिन्ही देशांत चालतं. ते पुण्यातच उतरवून नंबराची पडताळणी करून ठेवा. बँकेचे ओटीपी भारतीय सिमवर येतात, म्हणून ते सिम फोनमध्ये चालू ठेवून डेटासाठी ई-सिम घ्या.

बँकॉकला दोन विमानतळ आहेत, सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग. सिएम रीपच्या विमानाला चुकीच्या ठिकाणी पोचलात तर ते गेलंच समजा. सुवर्णभूमीहून फाया थाईपर्यंत रेल्वे सुमारे अर्ध्या तासात आणि ४५ बाथांत नेते. राजवाड्याचं तिकीट ५०० बाथ, गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत. दारापाशी कोणी 'आज बंद आहे, दुसरं देऊळ दाखवतो' म्हणालं तर थांबू नका, तिकीटखिडकीपर्यंत चालत जा. त्याचा टुकटुक शेवटी रत्नांच्या दुकानात नेतो.

लांबच्या रेल्वे जानेवारी २०२३ पासून क्रुंग थेप अपिवात या नव्या स्थानकावरून सुटतात. को ताओसाठी चुंफोनची रात्रीची गाडी, तिथून धक्क्यापर्यंत बस आणि पुढे बोट, असं तिकीट घेताना गाडीचा उशीर धरा. पहाटे चुंफोनला पोचणारी गाडी निवडा. खालचा बर्थ रुंद असतो आणि थोडा महाग, उंच माणसाला तोच द्या. बोटीला मळमळ होणाऱ्याने गोळी चढण्याआधी अर्धा तास घ्यावी आणि मागे, मधल्या जागी बसावं. पुढचं टोक सर्वांत जास्त उसळतं.

अंगकोरचा पास एका दिवसाचा ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत कुठलेही तीन दिवस वापरता येतो, त्यामुळे मध्ये एक दिवस आराम ठेवता येतो. तो ठेवाच, दुपारचं ऊन पायऱ्यांवरून परावर्तित होऊन डोकं फिरवतं. पहाटे पाच ते अकरा फिरा, झोप काढा, चारनंतर पुन्हा निघा.

समुद्र आणि स्कूटर

को ताओला डायव्हिंगचा पहिला अभ्यासक्रम करायचा असेल तर २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगणं जमावं लागतं. टिळक टँकवर महिनाभर आधीपासून सराव करा. शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायला १८ तास थांबा. रक्तात विरघळलेला नायट्रोजन हवेचा दाब कमी झाल्यावर बुडबुडे धरतो. वरच्या आराखड्यात परतीची रात्र रेल्वेत जाते ती त्यासाठीही.

लाल झेंडा असेल तर गुडघाभर पाण्यातही उतरू नका. पाणी आत ओढू लागलं तर त्याच्याशी झुंजत किनाऱ्याकडे येऊ नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्याबाहेर पडा, मग किनाऱ्याकडे वळा. जेलीफिशचा डंख झाला तर गोडं पाणी ओतू नका, चोळू नका. व्हिनेगर निदान अर्धा मिनिट ओतत राहा. बऱ्याच थाई किनाऱ्यांवर ते खांबाला बांधलेलं असतं.

स्कूटरबद्दल पुणेकरांचा आत्मविश्वास दांडगा असतो, म्हणून सावध करणं भाग आहे. थायलंडमध्ये वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, पण कंबोडिया आणि व्हिएतनाममध्ये उजवीकडून. थायलंडला आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तोही दुचाकीचा शेरा असलेला. तो संगम पुलाजवळच्या आरटीओत मिळतो आणि वर्षभर चालतो. व्हिएतनाम मात्र रस्ता-वाहतुकीच्या १९६८ च्या आंतरराष्ट्रीय कराराखालचा परवानाच मानतो, आणि भारताचा १९४९ च्या कराराखालचा असतो. म्हणजे आपल्या परवान्यावर तिथे गाडी चालवली आणि पडलात, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. होई आनला सायकल घ्या. आन बांगचा किनारा चार-पाच किलोमीटरच आहे आणि रस्ता भातखाचरांतून जातो.

थायलंडमध्ये गाडी घेताना पासपोर्ट तारण ठेवू नका, रोख अनामत द्या. चाकं, आरसे आणि खालची बाजू दाखवत दुकानदारासमोरच व्हिडिओ काढा, म्हणजे जुन्या ओरखड्यांचे पैसे तुमच्या माथी येत नाहीत.

शाकाहारी असाल तर

थायलंडमध्ये नुसतं 'मांस नको' म्हटलं तरी माशांचं पाणी, नाम प्ला, पडतंच. 'किन जे' म्हणा आणि लाल अक्षरांचा पिवळा झेंडा असलेली गाडी शोधा. व्हिएतनामला 'चाय' हा शब्द पुरतो. तिथे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला बरेच लोक शाकाहार पाळतात, आपल्याकडच्या एकादशीसारखा, आणि त्या दिवशी 'चाय'च्या खानावळी गजबजलेल्या असतात. जवळ मेतकूट आणि कोरडी लसणाची चटणी पाव-पाव किलो ठेवा. भात सगळीकडे मिळतो. ओआरएसची सहा पाकिटं लागतात. माकडाने किंवा कुत्र्याने ओरबाडलं तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा.

दोघांपैकी एकाला सकाळी सहाला उठायचं असतं, दुसऱ्याला नऊला. आठवड्यातून दोनदा अर्धा दिवस वेगवेगळे फिरा. भेटायची जागा आणि वेळ कागदावर लिहून घ्या, कारण फोन संपतो. पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याच्या छायाप्रती एकमेकांच्या बॅगेत ठेवा, स्वतःच्या नाही. उरलेले दोंग हनोई सोडण्याआधीच डॉलरमध्ये बदला, पुण्यात ते कोणी सहज घेत नाही. सामाईक पाकिटाचा शेवटचा हिशेब विमानतळावरच्या बाकावर मांडा, विमानात बसण्याआधी.