वळणावर वेग किती चालेल? कागदावर काढून पाहा

महामार्गाच्या वळणावर रस्ता आतल्या बाजूला कललेला असतो, बाहेरची कड उचललेली असते. याला सुपरएलिव्हेशन म्हणतात. हा कल नेमका किती वेगाला पुरतो, हे नकाशा आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढ्यावर काढता येतं. बारावीची भौतिकी विसरला असाल तरी चालेल.

पहिलं काम त्रिज्येचं. ते घरी बसून करा, रस्त्यावर टेप घेऊन उतरू नका. उपग्रह नकाशात वळणाच्या मध्यरेषेवर दोन बिंदू घेऊन त्यांतलं सरळ अंतर मोजा. ही झाली जीवा. तिच्या मध्यापासून वळणाच्या मध्यरेषेपर्यंत काटकोनात किती अंतर भरतं तेही मोजा. जीवेच्या वर्गाला या दुसऱ्या अंतराच्या आठपटीने भागलं की त्रिज्या मिळते. जीवा १०० मीटर आणि अंतर ६.२५ मीटर असेल, तर १०,००० ÷ ५० = २०० मीटर. दोन्ही बिंदू वळणाच्या गोल भागातच हवेत. सरळ रस्ता मोजणीत शिरला की त्रिज्या उगाच फुगते.

दुसरं, कल. ७ मीटर रुंद रस्त्याची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा ४९ सेंटिमीटर उंच असेल तर कल ०.०७. कोनात सांगायचं तर जेमतेम ४ अंश.

आता खरा हिशेब. रस्ता गाडीला आपल्या पृष्ठभागाशी काटकोनात रेटतो. रस्ता कलला की हा रेटाही कलतो आणि त्याचा काही भाग वळणाच्या केंद्राकडे जातो. गाडीला वळवायला बल लागतं ते असं रस्त्याकडूनच मिळतं. सूत्र असं: वेगाचा वर्ग = १२७ × त्रिज्या × कल. वेग ताशी किलोमीटरमध्ये, त्रिज्या मीटरमध्ये. १२७ हा आकडा म्हणजे ९.८१ (गुरुत्वत्वरण) गुणिले ३.६ चा वर्ग. वस्तुमान सूत्रात कुठेच नाही, त्यामुळे स्कूटर आणि ट्रेलरला उत्तर एकच.

१२७ × २०० × ०.०७ = १,७७८. वर्गमूळ सुमारे ४२.

ताशी फक्त ४२ किलोमीटर! या वेगाला टायरवर बाजूचा ताण शून्य. यापुढचं सगळं घर्षण सांभाळतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत घर्षणासाठी ०.१५ धरतात. ते कलात मिळवा: १२७ × २०० × ०.२२ = ५,५८८, म्हणजे ताशी सुमारे ७५ किलोमीटर. रस्ता ८० च्या वेगासाठी आखायचा असेल तर २०० मीटर त्रिज्या अपुरी पडते, साधारण २३० मीटर लागते.

मग कलच का वाढवत नाहीत? अमेरिकेतल्या डेटोनाच्या शर्यतीच्या मार्गावर वळणं ३१ अंशांपर्यंत कललेली आहेत, पण तिथे ट्रॅक्टर येत नाहीत. आपल्या रस्त्यावर उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली रांगत जाते, कधी वळणातच थांबते. कल जास्त असेल तर ती आतल्या बाजूला कलंडेल. म्हणून सपाट प्रदेशात कमाल ७ टक्के आणि बर्फ न पडणाऱ्या डोंगराळ भागात १० टक्के अशी मर्यादा आहे. कलाचा हिशेबही आखलेल्या वेगाच्या ७५ टक्क्यांवरच करतात. मिश्र वाहतुकीसाठी ही तडजोड मला शहाणपणाची वाटते.

वर आलेला ताशी ७५ किलोमीटर हा घसरण्याचा वेग मात्र नव्हे. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची पकड ०.१५ पेक्षा बरीच जास्त असते. उंच भरलेल्या ट्रकचा धोका वेगळा: तो घसरण्याआधीच उलटू शकतो, आणि हे या सूत्रात दिसत नाही.

शेवटी एक तपासणी जरूर करा. जुन्या, अरुंद रस्त्यांवर वळणातही मध्यभागी उंच आणि दोन्हीकडे उतार असा आकार राहिलेला दिसतो. उजव्या वळणावर आपण डावीकडून चालतो, म्हणजे आपल्या बाजूचा उतार केंद्रापासून दूर जातो. तेव्हा कल वजा धरा. उतार २.५ टक्के असेल तर ०.१५ मधून ०.०२५ गेले, उरले ०.१२५. त्याच २०० मीटरच्या वळणावर ७५ चे थेट ५६ होतात.