जुन्या वाड्याच्या दिवाणखान्यासाठी गडद रंग कसा निवडावा

जुनं घर रंगवायला काढलं की रंगारी विचारतो, "मोतियाच ना?" आणि आपण हो म्हणून मोकळे होतो. मोतिया रंगात चुकत काहीच नाही, पण खुलतही काही नाही. सागवानी खांब, महिरपी, कोनाडे आणि जाड भिंती असलेल्या खोलीला गडद रंग चांगला पेलतो, नव्या फ्लॅटमधल्या हॉलपेक्षा कितीतरी जास्त. डाळिंबी, गेरू, बाटलीहिरवा, आमसुली, नीळ हे रंग अशा खोलीत बेधडक लावावेत, या मताचा मी आहे.

मात्र सुरुवात शेडकार्डावर बोट ठेवून करू नका. भिंत कशाची आहे, उजेड कुठून येतो आणि लाकूड-फरशी कोणत्या रंगाची आहे, या तीन गोष्टी आपल्या हातात नसतात. निम्मा निर्णय तिथेच झालेला असतो. उरलेला निम्मा आपला.

पहिली पायरी : भिंतीची तब्येत बघा

वाड्याच्या भिंतींना बहुतेक ठिकाणी चुन्याचा गिलावा असतो. त्यावर तळहात घासून पाहा. हाताला पांढरी भुकटी लागली तर वरचा थर चुन्याचा किंवा जुन्या डिस्टेंपरचा आहे. तो खरवडून, धुऊन काढल्याशिवाय कोणताही रंग टिकणार नाही. वर्षभरात पापुद्रे सुटतील. मग बोटाच्या पेराने भिंत ठोकत जा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे गिलावा सुटलेला आहे. तो भाग पुन्हा चुन्यानेच भरायचा. गवंडी सिमेंट वापरायचा आग्रह धरेल, कारण त्याला ते सोपं जातं. पण चुन्याच्या भिंतीत सिमेंटचं ठिगळ घट्ट राहतं आणि त्याच्या कडेचा चुना फुटत जातो. शिवाय ठिगळाखाली अडलेली ओल बाजूने डोकं वर काढते.

ओल तपासायची सोपी रीत अशी. साधारण फूटभर चौकोनी प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही कडांना चिकटपट्टी लावून बंद करा आणि दोन दिवस ठेवा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतून येते आहे. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवाच दमट आहे. खालच्या दोन-तीन फुटांत पांढरा लोणा दिसत असेल तर आधी पाण्याचा बंदोबस्त करा. तुंबलेली पन्हळ, अंगणातली उलट्या उताराची फरशी, भिंतीलगत घातलेली फुलझाडं ही नेहमीची कारणं. रंगकाम पावसाळ्यानंतर भिंतींना सुकायला दोन-तीन महिने देऊन, म्हणजे डिसेंबरच्या सुमाराला काढावं. "दिवाळीच्या आधी उरकून टाका" हा घरच्यांचा आग्रह मोडायची तयारी ठेवा.

याच वेळी रंग कोणत्या जातीचा लावायचा हेही ठरतं. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. प्लास्टिक पेंट, म्हणजे इमल्शन, ही वाट बरीचशी बुजवतो. म्हणून चुन्याचा गिलावा शाबूत असेल तर दोन पर्याय चांगले : रंग मिसळलेली चुन्याची सफेदी किंवा सिलिकेट पेंट. चुन्यात रंगद्रव्य एका मर्यादेपर्यंतच मुरतं, साधारण चुन्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत. त्यापुढे रंग हाताला लागू लागतो. त्यामुळे गेरू, पिवळी माती असे मध्यम रंग चुन्यात सुंदर येतात, पण अगदी काळपट निळा किंवा बाटलीहिरवा त्यात साधत नाही. तिथे सिलिकेट घ्या. तो खनिज गिलाव्याशी एकजीव होतो, मात्र जुन्या इमल्शनवर किंवा पीओपीवर धरत नाही. भिंतीवर आधीच पुट्टी-इमल्शनचे थर बसले असतील आणि भिंत वर्षानुवर्षं कोरडी असेल, तर उगाच सगळं उकरून काढू नका. मॅट इमल्शन लावून मोकळे व्हा.

चुन्यात सगळी रंगद्रव्यं टिकत नाहीत, हेही लक्षात असू द्या. गेरू, रामरज, काव ही लोहयुक्त माती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. तळकोकणात आणि गोव्यात देवळांच्या भिंतींवर चुना आणि तांबड्या मातीची कावी कला दिसते, तिची तांबडी छटा अजून ताजी आहे ती याचमुळे. कपड्यांना लावायची नीळ, म्हणजे अल्ट्रामरीन, चुन्याला तोंड देते. सफेदीत थोडी नीळ घालायची पद्धत त्यातूनच आली. पण प्रशियन निळा चुन्याच्या अल्कलीत मरतो, काही काळाने तपकिरी पडतो.

दुसरी पायरी : घराचे जुने रंग उघडून पाहा

हे काम मला सगळ्यात जास्त आवडतं. दाराच्या मागे किंवा कोनाड्याच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे कुणाचं लक्ष जात नाही, तिथे रुपयाएवढी जागा निवडा. पाणी शिंपडून भिंत ओली करा आणि धारदार पात्याने, पातं जवळजवळ आडवं धरून, एकेक थर हलकेच सोलत जा. वरचा मोतिया जातो, त्याखाली पिस्ता रंगाचं डिस्टेंपर दिसतं, मग फिकट निळी सफेदी, आणि तळाशी पुष्कळदा गेरू किंवा पिवळ्या मातीचा थर लागतो. प्रत्येक थराची एकेक कडा उघडी ठेवलीत की झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं तयार होतात. ती उन्हात, ओल्या बोटाने पुसून पाहा. कोरड्या थरावर धूळ असते, त्यामुळे रंग खोटा वाटतो.

तळाशी सापडलेला रंगच लावायला हवा असं नाही. पण त्या भिंतीवर, त्या उजेडात, त्या लाकडाशेजारी तो कुणीतरी आधी जोखलेला असतो. तेवढा पुरावा कोणत्याही शेडकार्डात मिळत नाही. भिंतीवर चित्रांचा किंवा वेलबुट्टीचा मागमूस लागला तर मात्र हात थांबवा. मेणवलीच्या नाना फडणवीसांच्या वाड्यात भित्तिचित्रं आहेत, तशी ती लहानसहान घरांतही निघू शकतात. अशा वेळी जतनकाम जाणणाऱ्याला बोलवा, रंगाऱ्याला नाही.

दारं-खिडक्यांचा जुना तेलरंग मात्र सोलू नका, कोरडा घासू तर मुळीच नका. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नसावं हा नियम भारतात २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या तेलरंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. पॉलिशपेपरने उडालेली त्याची धूळ लहान मुलांना फार घातक. खरवडणं अटळ असेल तर पृष्ठभाग ओला करून, मास्क लावून, मुलांना आणि गरोदर बाईला घराबाहेर ठेवून करा.

तिसरी पायरी : उजेड वाचा

वाड्याच्या दिवाणखान्याला बहुधा एका बाजूने चौकाचा आणि दुसऱ्या बाजूने रस्त्याचा उजेड मिळतो, तोही जाड भिंतीतल्या खोल खिडक्यांतून. तो कोणत्या दिशेने येतो हे आधी बघा. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड वर्षातला बहुतेक काळ थंड आणि निळसर असतो. आपल्याकडे, म्हणजे मुंबई-पुण्याच्या अक्षांशावर, सूर्य मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतच दुपारी डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि त्यातला बराच काळ ढगांत जातो. त्यामुळे उत्तराभिमुख खोलीत करडी छटा असलेला निळा रंग उदास दिसतो. तिथे डाळिंबी, गेरू, हळदी किंवा पिवळी झाक असलेला हिरवा घ्या. पश्चिमेच्या खोलीत उलट होतं. संध्याकाळचं केशरी ऊन तांबड्या भिंतीवर पडलं की खोली पेटल्यासारखी वाटते. तिथे शेवाळी, मोरपंखी किंवा नीळ शोभते.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. खोली अंधारी आहे म्हणून ती पांढरी करा, असं सांगतात. पण पांढऱ्याला परतवायला उजेडच नसेल तर तो मळकट करडा दिसतो. अंधाऱ्या खोलीत आमसुली किंवा गडद हिरवा रंग उलट मुद्दाम केल्यासारखा, भरदार वाटतो. दिवसा वाचायला, शिवणकामाला बसायची जागा तीच असेल तर गोष्ट वेगळी. मग फार खाली जाऊ नका.

काही कंपन्या शेडच्या नावासोबत एलआरव्ही हा आकडा देतात. रंग किती उजेड परत पाठवतो हे त्यावरून कळतं : शून्य म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा. दिवाणखान्यासाठी १० ते २५ हा टप्पा मला सोयीचा वाटतो. १० च्या खाली गेलात तर दिव्यांवर खर्च करायची तयारी हवी.

चौथी पायरी : लाकूड आणि फरशी समोर ठेवून दोन-तीन रंगांवर या

सागवान तांबूस-तपकिरी. त्याच्या शेजारी हिरवा किंवा निळा लावला तर लाकूड उठून दिसतं. गेरू किंवा विटकरी लावला तर लाकूड भिंतीत मिसळतं, खोली एकसंध होते. दोन्ही चालतं, पण आपल्याला काय हवंय ते आधी ठरवा. लाकडाच्याच जवळ जाणारी, पण नेमकी जुळत नसलेली तपकिरी छटा मात्र टाळा. शहाबादी फरशीवर जवळजवळ सगळंच शोभतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या घरात नक्षीदार सिमेंट-टाइल्स असतील तर काम सोपं : त्या नक्षीत जो रंग सगळ्यात कमी जागेत आहे, तो भिंतीसाठी उचला. मधल्या फुलातला बारीकसा मरून ठिपका पुरतो.

पणजीच्या फोंतायनश या जुन्या वस्तीत फेरफटका मारला की पिवळ्या, निळ्या, तांबड्या भिंती आणि त्यांना पांढरी किनार दिसते. ते बाहेरच्या भिंतींचं, कडक उन्हातलं गणित आहे. तोच झगझगीत निळा खोलीत आणला तर डोळ्यांना टोचतो. आतल्यासाठी थोडी माती मिसळल्यासारखी, दबलेली छटा घ्या.

एकच भिंत गडद आणि बाकीच्या तीन पांढऱ्या, ही फ्लॅटमधली फॅशन वाड्यात आणू नका. तिथे आधीच खांब, कोनाडे, फडताळं, महिरपी आहेत. नजर तुकड्यांतुकड्यांत विभागलेली असते. त्यात आणखी एक तुकडा पडतो. चारही भिंती एका रंगात घ्या आणि कोनाड्यांच्या आतही तोच रंग फिरवा. कडीपाट लाकडाचाच राहू द्या. तो आधीच रंगवलेला असेल तर मोतिया बरा. शुभ्र पांढरा गडद भिंतीशेजारी भगभगतो.

पाचवी पायरी : नमुना मोठा आणि फिरता ठेवा

बोटाएवढ्या चौकोनावरून चारशे-पाचशे चौरस फुटांचा रंग ठरवता येत नाही. भिंतीवर शेजारी शेजारी चार पट्टे ओढून पाहणं त्याहून वाईट, कारण ते एकमेकांना बिघडवतात आणि मागचा जुना रंगही मध्ये येतो. दोन बाय तीन फुटांचे जाड पुठ्ठे घ्या, दोन हात मारा, कडेने बोटभर पांढरी चौकट सोडा. मग पुठ्ठा खिडकीजवळ, खोलीच्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात आणि खांबाला टेकवून ठेवा. सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिव्यात पाहा. सफेदीचा नमुना असेल तर पूर्ण वाळेपर्यंत थांबा. ती ओली असताना कितीतरी गडद दिसते.

चारही भिंती रंगल्या की त्या एकमेकींचा रंग परतवतात आणि छटा पुठ्ठ्यापेक्षा तीव्र वाटते. म्हणून दोन छटांत घोटाळा झाला तर फिकी नव्हे, थोडी करडी छटा घ्या. फिकी घेतलीत तर डाळिंबीचा गुलाबी होतो.

रात्रीचे दिवे नमुन्याच्या आधीच बदला. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली गेरू चिखलासारखा दिसतो. २७०० केल्विनचे पिवळसर, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात तो आकडा) ९० किंवा जास्त असलेले दिवे लावा. छताला एकच झगमगीत दिवा लावण्यापेक्षा कोनाड्यात, कोपऱ्यात चार मंद दिवे बरे.

सहावी पायरी : रंगाऱ्याशी आधीच बोलून घ्या

चमक कोणती, हे त्याच्यावर सोडू नका. वाड्याच्या भिंती सरळ नसतात, त्या लाटा मारतात. सॅटिन किंवा ग्लॉस लावलात तर प्रत्येक उंचवटा दिसेल. इमल्शन लावणार असाल तर धुता येणारा मॅट मागा.

गडद तांबडे आणि पिवळे रंग इमल्शनमध्ये पारदर्शक असतात. पांढऱ्या प्रायमरवर तीन-चार हात मारले तरी मागचं डोकावतं. तांबड्याखाली करड्या झाकेचा प्रायमर लावायला सांगा. एक हात वाचेल.

हिशेबही आधीच करा. खोली १८ बाय १२ फूट, उंची १० फूट असेल तर चार भिंती मिळून ६०० चौरस फूट होतात. दारं-खिडक्यांचे १०० वजा केले की ५०० उरतात. डब्यावर दिलेल्या व्याप्तीने त्याला भागा आणि ती व्याप्ती एका हाताची आहे की दोन, हे नीट वाचा. गडद रंगाला एक हात जादा धरा. सगळे डबे एकाच वेळी, एकाच दुकानातून घ्या आणि मोठ्या बादलीत एकत्र कालवा. मशिनवर बनवलेल्या गडद छटेत दोन डब्यांमध्येही थोडा फरक पडतो आणि तो नेमका भिंतीच्या मध्यावर उमटतो.

घर वारसा यादीत असेल तर काम काढण्याआधी पालिकेकडून श्रेणी विचारून घ्या. मुंबईत श्रेणी एकच्या वास्तूत आतल्या बदलांवरही बंधनं असतात.

लिटरभर रंग उरवून ठेवा. झाकणावर छटेचा कोड, बेस आणि तारीख लिहा, आणि तेच फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही पेन्सिलीने लिहून ठेवा. डबा गंजला की झाकणावरचं काही वाचता येत नाही.